सातव्या रकान्यातला उंदीर

“गोरा नको! गोरा नको म्हणतोय ना! काळा दारू पितो! आणि त्या तिसऱ्याला डोळ्यानं दिसत न्हाय, हे तुम्ही आधी का न्हाय सांगितलं?”

रौफसर माझ्या स्टोअररूममधून हैदराबादला फोन लावून ओरडत होते. खरं तर त्यांना फोनची गरज नव्हती. खिडकी उघडून पूर्वेला तोंड केलं असतं तरी काम भागलं असतं. आमचं फार्मसी कॉलेज उमरग्याच्या बाहेर, हायवेला लागून आहे. रौफसरांनी वर्गात हजेरी सुरू केली की हायवेवरचे ट्रक ब्रेक मारतात आणि तिकडं बसवकल्याणला हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाइकाच्या बशीतला चहा हिंदकळतो. ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी बसवकल्याणला जाऊन बशा तपासाव्यात.

बाहेर प्रवेशाच्या कागदांसाठी पालकांची रांग होती. त्यातले एक पागोटेवाले काका हळूच आत आले. सरांचा फोन संपेपर्यंत अदबीनं उभे राहिले आणि मग म्हणाले, “सर, बोलू का? माझा भाचा हाय भूमला. रंगानं गव्हाळ हाय, सुपारीचंबी व्यसन न्हाय, डोळे दोन्ही शाबूत. पोरीचा फोटो आसंल तर द्या.”

दुसऱ्या कुणी गैरसमज दूर केला असता. रौफसरांनी काकांना खालून वर न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, “कान कसे आहेत?”

काका गोंधळले. मीही गोंधळलो. पण मला सवय होती. नऊ वर्षं या माणसाशेजारी नोकरी करतोय, त्यातली आठ वर्षं आणि काही महिने मी गोंधळातच काढलेत.

तर हा फोन उंदरांसाठी होता.

रौफसर आमच्याकडं औषधशास्त्र शिकवतात आणि प्राणीघराचे प्रमुख आहेत. प्राणीघर म्हणजे कॉलेजच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या, ज्यात पिंजऱ्यांतून पांढरे उंदीर राहतात आणि ज्यांना उन्हाळ्यात एसी आहे. स्टोअररूमला पंखा आहे. देहानं सर इतके बारीक की वाऱ्याच्या दिवशी आम्ही त्यांच्या खिशात तराजूची वजनं ठेवतो. मग हा आवाज साठवतात कुठं, हे आम्हाला कळलेलं नाही. त्यांचं पालुपद एकच, “बात खतम!” हे त्यांनी म्हटलं की समजायचं, अजून अर्धा तास आहे.

दुसरी खोड टाळीची. तुम्ही कामात असलात की सर मागून मांजरासारखे येणार आणि तुमच्या मानेमागं फाडकन टाळी वाजवणार. तुम्ही दचकून वळलात की तुमच्याकडं बघणार नाहीत, तुमच्या कानाकडं बघणार. मग शेरा. माझ्या उजव्या कानाला ‘मंद’ असा शेरा मिळालेला आहे. डाव्याला ‘बरा, पण आळशी’. आमच्या प्राचार्यबाईंच्या मागं त्यांनी एकदा भर सभेत टाळी वाजवली. बाईंना वाटलं भाषण आवडलं. त्यांनी ते आणखी वीस मिनिटं लांबवलं. आठवडी बाजारात सर शेळ्यांच्या रांगेमागून टाळ्या वाजवत फिरतात. “कान बघा, कान! जनावर कानातून बोलतं,” असं विकणाऱ्यालाच सांगतात. एका विकणाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “ह्यांच्या घरी कुणी बघणारं हाय का?” मी म्हणालो, बायको आहे म्हणतात. म्हणतात, कारण सरांनी आजवर आमच्यापैकी कुणाला घरी नेलेलं नव्हतं. भाभी बाजारात दिसायच्या, पण आपण नमस्कार केला तर सरळ पुढं निघून जायच्या. लई ताठ बाई आहे, असं आमच्या स्टाफरूमनं एकमतानं ठरवून टाकलं होतं.

आता मूळ भानगड. सरांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्याआधी त्यांना एक प्रयोग करायचा होता, आणि त्याला आमच्याकडचे उंदीर चालणार नव्हते.

“आपले उंदीर म्हणजे मिसळीचा माल,” सर म्हणाले. “एकाला औषध लागू पडतं, दुसऱ्याला न्हाय. मला सरळ वाण पाहिजे. सोयाबीनचं असतं तसं. सगळे दाणे सारखे.”

“म्हणजे कसं करतात ते?” मी विचारलं.

“भावाबहिणीचं लगीन लावायचं. त्यांच्या पोरांत पुन्हा भावाबहिणीचं. असं वीस पिढ्या. मग सगळे उंदीर एकाच साच्याचे निघतात. एकाला शिंक आली की बाकीच्यांनी रुमाल काढायचा. बात खतम!”

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आमच्याकडं चुलत्याच्या गावातली सोयरीक म्हटलं तरी म्हातारी माणसं बोटं मोडतात, आणि इथं सरकारमान्य पद्धतीनं वीस पिढ्या! पण बात खतम झालेली असल्यानं पुढचा अर्धा तास मी जगातल्या उंदरांच्या नामांकित घराण्यांची माहिती ऐकली. त्यांची नावं म्हणजे ट्रकचे नंबर. आकडे काय, आडव्या-तिरप्या रेघा काय. मला त्यातली तीन-चारच लक्षात राहिली.

परवानगी समितीला एक अर्ज पाठवायचा होता. बारा रकाने. अकरा रकाने सरांनी एका दुपारी भरले. सातवा रिकामा राहिला. सातव्या रकान्यात फक्त लिहायचं होतं: ‘वाण’. एक नाव. शेवटची तारीख चार महिन्यांवर होती.

चार महिने रौफसरांनी मुली बघाव्यात तसे उंदीर बघितले. रोज सकाळी एक नाव पसंत, संध्याकाळी नापसंत.

ब्लॅक सिक्स नावाचा काळा उंदीर. सगळं जग हाच वापरतं म्हणे. तो प्राचार्यबाईंनाही पसंत पडला. सर म्हणाले, “त्याच्यासमोर पाणी आणि दारू दोन्ही ठेवा, तो दारूकडं जातो. घराणंच तसं.” बाई शाकाहारी, निर्व्यसनी. त्यांनी लगेच नापसंती दिली. मला मात्र सर म्हणाले, “त्याच्यात जो दादा असतो तो बाकीच्यांच्या मिशा कुरतडतो. पिंजऱ्यात सलून चालवतो.” क्लार्कला तिसरंच कारण सांगितलं, की तेलातुपाचं खाल्लं की तो सुटतो आणि साखर वाढते. आम्ही तिघं चहाला भेटलो, तेव्हा कळेना, हे एका उंदराचं वर्णन आहे का आमच्या तालुक्यातल्या एका गुत्तेदाराचं.

बाल्ब-सी नावाचा पांढरा, लाल डोळ्यांचा. “नर भांडखोर. दोन भाऊ एका घरात नांदत न्हाईत.” मी म्हणालो, सर, हे तर सगळीकडंच आहे, म्हणून काय कुणी लग्नं थांबवतं? सर म्हणाले, “बात खतम.”

सी-थ्री-एच नावाचा तपकिरी. स्वभावानं बरा, पण महिन्याभराचा होतोय तोवर नजर जाते. वर सर सांगणार, “त्याला माहीतच नसतं की आपल्याला दिसत न्हाय. मजेत असतो.” मग घ्या की! तर नको.

सरांनी हैदराबादच्या उंदीरवाल्याला इतके फोन केले, की तो शेवटी म्हणाला, “सरजी, चूहाच हय ना? उसकू कव्वाली सुनना हय क्या?” त्यावर सर फोनवर पहिल्यांदाच दोन क्षण गप्प झालेले मी पाहिले. तेव्हा मला वाटलं, नेटवर्क गेलं.

असं करत शेवटचा शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी पाचच्या आत अर्ज सही करून, स्कॅन करून पाठवला नाही तर प्रयोग रद्द. पुढची फेरी सर निवृत्त झाल्यावर. प्राचार्यबाईंनी मला बोलावून सांगितलं, “कांबळे, आता तुम्हीच काहीतरी करा.”

आमच्याकडं वधूपित्याचं काही ठरत नसलं की शेवटी मध्यस्थच सुपारी फोडून मोकळा होतो. मीही तेच केलं. निळं पेन घेतलं आणि सातव्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहून टाकलं: ब्लॅक सिक्स. जग वापरतंय ना? मग! पितो तर पितो. आपण पिंजऱ्यात पाणीच ठेवू.

शनिवारी सर कॉलेजला आलेच नाहीत. हे म्हणजे हायवे कॉलेजला न आल्यासारखं. फोन लागेना. दुपारी दोनला मी अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि मोटारसायकल काढून गावात त्यांच्या घरी गेलो.

दारावर बेल होती. दाबली, आवाज नाही. पुन्हा दाबली. आवाज नाही, पण खिडकीतून दिसलं की आत एक लाल दिवा लागतोय आणि विझतोय. मी गंमत म्हणून चारदा दाबून पाहिलं. मग दार उघडलं. सर होते.

“या, कांबळे,” ते म्हणाले.

मला वाटलं, माणूस आजारी आहे. आवाज असा, की ऐकायला पुढं वाकावं लागलं. घरात शांतता इतकी की भिंतीवरची पालसुद्धा पाय आपटत चालतेय असं वाटावं. स्वयंपाकघराच्या दारात सर थांबले. आत भाभी पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या. आता हे टाळी वाजवणार, म्हणून मी कान झाकून घेतले. सरांनी टाळी वाजवली नाही. हाकही मारली नाही. चौकटीला टेकून नुसते उभे राहिले. भाभींनी भाकरी तव्यावर टाकली, पीठ झटकलं, मग वळल्या. सरांनी माझ्याकडं बोट केलं, हवेत कपाचा आकार काढला. भाभी हसल्या, मान हलवली.

नऊ वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. ताठ बाई म्हणे!

सरांनी माझा चेहरा वाचला. “घरात आवाज वापरायला मिळत न्हाय, कांबळे. साठतो. मग कॉलेजात खर्च करतो.”

मी अर्ज पुढं केला. सातवा रकाना त्यांनी वाचला. आता छप्पर उडतंय, म्हणून मी मोटारसायकलची किल्ली मुठीत धरली. पण सरांनी पेन घेतलं, झटकन खाली सही केली आणि म्हणाले, “बरं झालं तुम्हीच लिहिलं. बात खतम.”

आणि खरंच गप्प बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांची बात जिथल्या तिथं खतम झाली. मला तेच सहन होईना.

भाभी चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवताना त्यांची नजर कागदावर गेली. त्यांनी कागद उचलून वाचला.

“काला कायकू लिखे तुम?”

भाभींचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. स्पष्ट होता, पण सारवलेल्या अंगणासारखा सपाट. चढ नाही, उतार नाही. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. भाभींनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं, म्हणजे ओठ दिसावेत. मीच पुढं होऊन, तोंड वाकडंतिकडं करत, एकेक अक्षर सुटं करून म्हणालो, “भा-भी, मी लि-हि-लं.”

“नीट बोला, भाऊ. कळतं मला,” भाभी म्हणाल्या. “काळा चालायचा न्हाय. तो वय झालं की आपोआप बहिरा होतो. खानदानी रोग हाय त्याचा. पांढऱ्याचंबी तसंच. उद्या त्याचा कान गेला, तर इंजेक्शननं गेला का आजोबांमुळं गेला, कोण सांगणार?”

मी चहा बशीत ओतायचा तो मांडीवर ओतला. चार महिन्यांत दारू, मिशा, साखर, भांडणं, सगळं ऐकलं होतं. कान हा शब्द उंदराच्या बाबतीत कुणी उच्चारला नव्हता. “तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?”

“रोज सांजच्याला हे दुसरं काय सांगतात? हातानं उंदीर काढून दाखवतात. कुठला कसा, मला झोपेत विचारा.”

मग सर बोलले. माझ्याशी, पण भाभींना ओठ दिसतील असे बसून.

“लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हिला टीबी झाला. त्या वेळी जे औषध होतं ते इंजेक्शनचं होतं, तेच द्यावं लागायचं. मी नुकताच फार्मसी शिकून आलेलो. म्हटलं, दवाखान्यात कशाला न्यायची, मीच टोचतो. रोज सकाळी. जीव वाचला. आणि एका सकाळी मला विचारती, चिमण्या कुठं गेल्या?”

सरांनी बोटानं खिडकीबाहेर दाखवलं.

“वळचणीला होत्या, कांबळे. होत्या तिथंच. ओरडत होत्या.”

भाभी कपाची कड पदरानं पुसत होत्या.

“आपल्या रानातल्या एका पाल्याचा अर्क आहे. इंजेक्शनच्या आधी दिला तर कान वाचतो का, एवढंच बघायचंय. त्याला सगळ्यात चांगल्या कानाचा उंदीर पाहिजे, म्हातारपणीसुद्धा ऐकू येणारा. सीबीए त्याचं नाव. त्यातही दोन पाती आहेत, एकाच घराण्याच्या दोन शाखा. धाकटी आंधळी होते, थोरलीचं सगळं ठीक. नाव मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. लिहायला हात होईना. चांगल्या घरची, चांगल्या कानाची लेक लगीन करून आणायची, आणि मग मीच पुन्हा सुई घेऊन…”

चार महिने हा माणूस जगातले सगळे उंदीर नाकारत होता तो चांगला मिळत नाही म्हणून नव्हे. चांगला पहिल्याच दिवशी मिळाला म्हणून.

“मी आले तेव्हा माझा कान लई चांगला होता, भाऊ,” भाभी मला म्हणाल्या, जशी एखादी बाई माहेरच्या विहिरीबद्दल सांगते. “तीन गल्ल्यांपलीकडं शेळी शिंकली तर मला कळायचं.” मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून सरांच्या हातात दिलं. “लिहा. अर्क किती जणांना देणार?”

सरांनी हातानं अर्धे दाखवले.

“मग अर्ध्यांचा तरी वाचंल.”

सरांनी माझं ठसठशीत ब्लॅक सिक्स आडवी रेघ मारून खोडलं आणि वर थोरल्या पातीचं नाव लिहिलं, मागच्या तिरप्या रेघेच्या आणि अक्षरांच्या शेपटासकट. मी खोडलेल्या रेघेवर बोट ठेवलं. स्टोअरकीपरला भावना आवरता येतात, नियम नाही. “सर, खाडाखोडीवर वेगळी सही लागते.” त्यांनी केली. पाचला दहा कमी असताना अर्ज गेला.

परवानगी आली, उंदीर आले. हैदराबादहून एसी गाडीत, जाळीच्या खोक्यांतून. प्राचार्यबाई फुलांचा गुच्छ घेऊन प्राणीघराच्या दारात उभ्या. चार महिने नाकारत नाकारत निवडलेला वाण, म्हणजे निदान सोनेरी तरी असणार! पहिलं झाकण उघडलं आणि आत होते ते चक्क आपले घरातले उंदीर. तसाच रंग, तशीच शेपटी, तसाच चोरटा चेहरा.

“हे?” बाई म्हणाल्या. “रौफसर, हे तर आपल्या लायब्ररीत आहेत! गेल्या वर्षी तपासणी समितीची फाईल यांनीच खाल्ली!”

“गव्हाळ आहेत, मॅडम,” मी म्हणालो. “सुपारीचंबी व्यसन न्हाय.”

त्या दिवशी हायवेपलीकडच्या ढाब्यावर सरांचं स्पष्टीकरण शब्दन् शब्द ऐकू आलं.

नव्या जागी उंदरांना काही दिवस नुसतं राहू देतात, मग प्रयोग. तो सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सर भाभींना घेऊन आले. बाहेरच्या माणसाला आत सोडायला परवानगी नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘पाहणी’. कोणाची, कशाची, ते रकान्यात विचारलेलं नव्हतं. भाभींना एप्रन, टोपी, तोंडाला मास्क. सरांनाही मास्क, त्यामुळं ओठ बंद. दोघंही हातानंच बोलत होते.

सरांनी एका खोक्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. कान बघ. आणि टाळी वाजवली.

खोक्यातले सगळे कान एकदम हलले. लहान, पातळ, उजेड आरपार दिसणारे. एकाच साच्याचे सगळे, एकाच क्षणी. भाभी पुढं वाकल्या. सरांनी पुन्हा टाळी वाजवली, पुन्हा कान. भाभींनी सरांचे हात धरून खाली केले. मग स्वतःचे दोन्ही हात वर घेतले, जरा घुटमळल्या आणि त्यांनी टाळी वाजवली.

कान हलले. पलीकडच्या खोक्यातलेसुद्धा.

भाभी कितीतरी वेळ त्या कानांकडं बघत होत्या. मग त्यांनी सरांकडं वळून त्या सपाट आवाजात विचारलं, “मोठी वाजली का?”

सरांनी मास्क हनुवटीखाली ओढला. प्राणीघरात मास्क काढायचा नसतो, हा नियम त्यांनीच दारावर लावलेला आहे.

“बऱ्यापैकी,” ते म्हणाले.